टांकींतलें पाणी

गेल्या आश्विनांत, खंडेनवमीस चारच दिवस उरले असतां, आमचा एक भाचा सकाळींच घरीं आला. त्यानें आम्हांस वांकून नमस्कार केला, आमच्या सौभाग्यवतींच्या हातांत पेढ्यांचा पुडा दिला आणि आपणांस नोकरी लागल्याची वार्ता सांगितली. स्थापत्यशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलास पहिल्याच वर्षीं नोकरी मिळावी ही आनंदाचीच गोष्ट. परंतु ती कोठें मिळाली हें कळतांच घरांतील मंडळींच्या मुद्रा किंचित् उतरल्या. साताऱ्याच्या पलीकडे एका मोठ्या रस्त्याचें काम चाललें होतें. त्या कामास लागणारी डांबरमिश्रित खडी जेथें तयार होते, त्या यंत्रशाळेवर त्याची नेमणूक झाली होती. "म्हणजे डांबराच्या भट्टीवरच म्हणायचं कीं!" असें सौभाग्यवती म्हणाल्या, आणि पेढा तोंडांत टाकण्यापूर्वीं त्यांनीं आमच्याकडे एक कटाक्ष टाकला. त्या कटाक्षाचा अर्थ आम्हांसच ठाऊक. आमच्या आयुष्याचीं तीस वर्षें त्याच धुरांत गेलीं आहेत, आणि त्या तीस वर्षांतले आमचे सदरे त्यांनींच धुतले आहेत.

भाचा म्हणाला, "मामा, पुस्तकं सगळीं वाचलीं. पुस्तकांत नाहीं अशी एखादी गोष्ट सांगा."

सेवानिवृत्त मनुष्यास उपदेश मागणें म्हणजे धरणाचा दरवाजा उघडणें होय. आम्हीं त्यास एक नव्हे, चांगल्या दहा गोष्टी सांगितल्या. त्यानें त्या वहींत टिपून घेतल्या, जेवण केलें आणि तो निघून गेला. त्या रात्रीं मात्र आम्हांस झोंप लागेना. आम्हीं सांगितलेल्या दहाहि गोष्टी खऱ्या होत्या. परंतु त्या दहाहि पुस्तकांतल्या होत्या. अकरावी, जी त्यानें वस्तुतः मागितली होती, ती आम्हीं सांगितलीच नव्हती; कारण ती यंत्राविषयीं नसून आमच्याविषयीं होती. ती आज येथें लिहीत आहों. वाचकांपैकीं फारच थोड्यांचा डांबराच्या भट्टीशीं संबंध येईल हें आम्ही जाणतों. परंतु ज्याच्या शब्दावर दुसरीं दोन माणसें काम करतात अशा प्रत्येकाचा या गोष्टीशीं कांहींना कांहीं संबंध पोंचतो, असें आम्हांस वाटतें.

रस्ता सर्वांच्या नित्य परिचयाचा असतो. तो जेथें शिजतो तें स्वयंपाकघर मात्र गांवाबाहेर, खडीच्या खाणीच्या आसपास असतें, आणि तेथें पाहुणे कधीं जात नाहींत. डांबर ही वस्तु तशी नवी नव्हे. मोहेंजोदडो येथील महास्नानगृहाच्या हौदांतून पाणी झिरपूं नये म्हणून डांबराचा थर दिलेला सांपडला आहे. आपल्या देशांतील रस्त्यांचा संघटित विचार करण्यासाठीं १९२७ सालीं जी समिति नेमली गेली तिचे अध्यक्ष बॅरिस्टर जयकर होते, हें आज फारसें कोणाच्या स्मरणांत नाहीं. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७० नंतरच्या दशकांत गरम मिश्रणानें बांधला गेला आणि पुढें कित्येक पावसाळे खड्ड्यावांचून राहिला, ही गोष्ट मात्र पुणेकर अद्यापि अभिमानानें सांगतात. चांगला रस्ता सर्वांस आठवतो. तो ज्या आंचेवर तयार झाला ती आंच सोसणारीं माणसें कोणास दिसत नाहींत.

या यंत्रशाळेस कामावरचे लोक नुसतें 'प्लँट' म्हणतात. तिची रचना गृहिणींस समजावून सांगणें अगदीं सोपें आहे. निरनिराळ्या आकाराची खडी ठरल्या मापानें पट्ट्यावर पडते आणि एका मोठ्या फिरत्या ड्रममध्यें जाते. ड्रमच्या तोंडाशीं तेलाची ज्वाला भणभणत असते. तींत खडी भाजून कोरडी होते. उडालेली धूळ कापडी पिशव्यांच्या गाळणींत अडकते. भाजलेली खडी साखळीच्या डोलांनीं वर चढते, चाळण्यांतून चाळली जाते, तिचें वजन होतें, आणि मग ती मिक्सरमध्यें उतरते. तेथें दोन आंसांवर बसविलेलीं पातीं तिला गरम डांबरांत कालवितात. शंभर भाग मिश्रणांत डांबराचे भाग पांच-सहाच. पण त्यांच्याचवर सारा रस्ता टिकावयाचा. डांबर सुमारें १५० ते १६५ अंश सेंटिग्रेडवर ठेवावें लागतें. चकल्या तळतांना कढईंतील तेल जवळजवळ याच आंचेचें असतें. फरक एवढाच कीं, अंगावर उडालेलें तेल ओघळून तरी जातें. डांबर उडालें तर तें चिकटून बसतें, आणि चिकटल्या जागीं आपली उष्णता सावकाश सोडीत राहतें.

भाच्यास सांगितलेल्या गोष्टींपैकीं कांहीं येथें देतों. त्यांतील एकहि अशी नाहीं कीं जिचें मूळ आपल्या घरांत सांपडत नाहीं.

गॅसची शेगडी पहिल्या काडीस पेटली नाहीं, तर शहाणी बाई लगेच दुसरी काडी ओढीत नाहीं. ती आधीं गॅस बंद करते, खिडकी उघडते आणि क्षणभर थांबते. ड्रमच्या बर्नरचाहि नियम तोच. ज्वाला पेटविण्यापूर्वीं पंखा चालवून आंत सांचलेली तेलाची वाफ बाहेर घालवावी. ज्वाला धरली नाहीं, तर पुन्हां सारें पहिल्यापासून करावें. जे ड्रम फुटले ते बहुधा दुसऱ्या काडीस फुटले. ज्वाला विझतांच तेल बंद करणारा डोळा आजच्या बर्नरास बसविलेला असतो. तो काजळीनें मळला म्हणून कोणी त्यास फसवून बर्नर चालू ठेवतो. त्यानें डोळा पुसावा, फसवूं नये.

घरीं वायरमन येतो तेव्हां तो फ्यूज काढतो आणि आपल्या खिशांत घालतो. तो टेबलावर ठेवीत नाहीं, कीं 'कोणी लावूं नका' असें सांगून निर्धास्त होत नाहीं. मिक्सरची पातीं झिजलीं म्हणजे माणसास त्या मिक्सरच्या पोटांत वांकून काम करावें लागतें. आणि ज्या खोलींतून तो मिक्सर चालू होतो तेथून आंतला माणूस दिसत नाहीं. म्हणून जो आंत जाणार त्यानें विजेच्या मुख्य कळीस स्वतःचें कुलूप लावावें व किल्ली स्वतःच्या खिशांत ठेवावी. चार माणसें आंत जाणार असतील तर कुलुपेंहि चार लावावीं. अमेरिकेंत १९८९ सालीं या गोष्टीचा स्वतंत्र नियम झाला. आमच्या वायरमनला तो त्याच्याहि आधींपासून ठाऊक होता. चालत्या पट्ट्याखालीं सांडलेली खडी फावड्यानें ओढूं नये, हाहि त्याच जातीचा नियम. पट्टा फावडें ओढतो, आणि फावड्यामागून हात जातो.

खेड्यांतील म्हाताऱ्यांस ठाऊक असे कीं, पेव उघडल्याबरोबर आंत उतरावयाचें नाहीं. आधीं कंदील सोडून पाहत. तो विझला तर माणूस उतरत नसे. डांबराची टांकीहि एक पेवच आहे. मात्र तींत दिवा सोडणें म्हणजे आत्मघातच. गरम डांबरावरच्या पोकळींत हायड्रोजन सल्फाइड नांवाचा विषारी वायु सांचूं शकतो. त्यास सडलेल्या अंड्यांची घाण येते. परंतु त्याचें प्रमाण वाढलें कीं नाकच बधिर होतें, आणि घाण गेली म्हणून माणूस निश्चिंत होतो. येथें नाकावर विश्वास ठेवूं नये. झांकण उघडतांना वाऱ्याकडे पाठ करून उभें राहावें, आणि टांकींत उतरावयाचें तर हवा यंत्रानें तपासल्यावांचून, कमरेस दोर बांधल्यावांचून व बाहेर दुसरा माणूस उभा केल्यावांचून उतरूं नये. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६ व्या कलमांत हेंच लिहिलें होतें. आमच्या नोकरीच्या काळीं तें कलम भिंतीवर टांगलेलें असे, आणि त्यावर धूळ बसलेली असे.

धुराविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. लंडनचा शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यानें १७७५ सालीं धुराडीं झाडणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशीं जोडला. १९१५ सालीं जपानांत यामागिवा आणि इचिकावा यांनीं सशांच्या कानांस कोळशाचें डांबर वरचेवर लावून कर्करोग उत्पन्न करून दाखविला. आज रस्त्यावर पडतें तें डांबर कोळशाचें नव्हे; तें खनिज तेल गाळून उरलेलें बिटुमेन आहे. त्याचा दोष पुष्कळच कमी. तथापि, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें रस्त्याच्या कामांतील बिटुमेनचा धूरहि २०११ सालीं 'कदाचित् कर्करोगकारक' या वर्गांत घातला. डांबर जितकें अधिक तापवावें तितका धूर अधिक. म्हणून गरजेहून एक अंशहि अधिक आंच देऊं नये.

आतां अकरावी गोष्ट.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं आम्ही एका प्लँटचे प्रमुख होतों. तो कोणाचा व कोठला हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आपल्याकडे पावसाळ्यांत डांबराचें काम बंद असतें. ज्येष्ठांत विझलेली भट्टी आश्विनांत पुन्हां पेटते. मधले चार महिने टांकी पावसांत उभी असते, आणि झांकण कितीहि घट्ट असलें तरी पाऊस आपली वाट काढतोच. थंड डांबर दगडासारखें घट्ट झालेलें असतें. त्याच्या वर, घड्यांत, कोपऱ्यांत तें पाणी बसून राहतें. पाण्याची वाफ झाली कीं ती मूळच्या सुमारें सोळाशेंपट जागा मागते. एका घागरीच्या पाण्याची वाफ डांबराच्या एका मोठ्या टँकरांत मावणार नाहीं. फोडणींत ओली मिरची पडली तर काय होतें हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस अधिक सांगणें नको.

त्या काळच्या टांकीच्या पोटांतून एक जाड लोखंडी नळी गेलेली असे व तींतून ज्वाला खेळविली जाई. आतां बहुतेक ठिकाणीं नळ्यांतून गरम तेल फिरवितात, तें पुष्कळ बरें. आमच्या टांकीवर एक मिस्त्री होते. मूळचे कोंकणांतले, गोदींत बॉयलरवर उमेदवारी केलेले, आणि वयानें आमच्याहून वीस वर्षांनीं वडील. भट्टी पेटविण्याच्या आदल्या संध्याकाळीं ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, झांकणाखालची चकती कुजली होती. चार महिन्यांचं पाणी आंत आहे. वरचं उपसून काढलं. पण घड्यांत किती राहिलंय तें देव जाणे. आजची रात्र आणि उद्यांचा दिवस मंद आंचेवर ठेवूं. शंभराच्या आसपास फेंस मरूं द्या. मग चढवूं."

आमच्या टेबलावर वरिष्ठांचें पत्र पडलें होतें. दिवाळीपूर्वीं त्या रस्त्यावरून बड्या लोकांच्या मोटारी जावयाच्या होत्या, आणि चार मैलांचा तुकडा अद्यापि उघडा होता. आम्ही म्हणालों, "मिस्त्री, तुमचा एक दिवस म्हणजे आपले चाळीस ट्रक. पहांटेपर्यंत दीडशें अंश झाले पाहिजेत."

त्यांनीं एकवार आमच्याकडे पाहिलें. "बरं साहेब," एवढेंच म्हणून ते वळले, आणि जातां जातां शिडीच्या पायथ्याशीं असलेलें पिंप स्वच्छ पाण्यानें कांठोकांठ भरावयास त्यांनीं एका पोऱ्यास सांगितलें. या पिंपाबद्दल आम्हीं त्यांची अनेकदां थट्टा केली होती. जेथें पाण्याच्या थेंबाची भीति, तेथें पाण्याचें पिंप कशास, असा आमचा विनोद असे. आणि त्यास हांताखालचीं माणसें हंसत, कारण तो साहेबांचा विनोद होता.

पहांटे साडेपांचास आम्ही स्वतः टांकीपाशीं गेलों. उष्णतामापकाचा कांटा एकशें दहाच्या आसपास अडून बसला होता. कांटा कां अडला हें आम्हांस त्या क्षणीं उमगावयास हवें होतें. आंत पाणी असेपर्यंत बरीचशी आंच पाण्याची वाफ करण्यांतच खर्ची पडते. डांबर तापण्यास तें पाणी सरावें लागतें. शाळेंत हें आम्हीं शिकलों होतों, आणि परीक्षेंत त्यावर गुणहि मिळविले होते. परंतु घाईंत असलेल्या माणसास प्रत्येक गोष्टीचें कारण आपल्या सोयीचेंच सुचतें. आम्हांस वाटलें, मापक बिघडला. मिस्त्री बर्नरच्या बाजूस होते. शिडीजवळ एक एकोणीस वर्षांचा मुलगा उभा होता. आम्ही त्यास म्हणालों, "जा रे, वर चढून झांकण उघड आणि बघ काय झालंय तें."

तो चढला. त्यानें झांकणाची कडी सोडली. चुलीवरचें दूध जसें क्षणांत वर येतें, तसा काळा फेंस झांकणाच्या कडांतून वर आला आणि टांकीच्या चारी अंगांनीं उतूं गेला. मुलानें तोंड चुकविण्यासाठीं उजवा हात आडवा धरला. तोंड वांचलें, हात कोपरापर्यंत काळा झाला.

पुढच्या अर्ध्या मिनिटांत मिस्त्रींनीं काय केलें तें आम्ही अनेक वेळां मनांत पुन्हां पाहिलें आहे. ते आधीं मुलाकडे धांवले नाहींत. त्यांनीं आधीं बर्नरच्या तेलाचा कॉक बंद केला. कारण तो फेंस ज्वालेपर्यंत पोंचता तर एक हात नव्हे, सारीच माणसें गेलीं असतीं. मग त्यांनीं मुलास शिडीवरून जवळजवळ उचलून खालीं आणलें व त्याचा हात त्या पिंपांत खोल बुडविला. मुलगा दुसऱ्या हातानें डांबर ओढूं पाहत होता. "ओढूं नको बाळा, कातडी येईल त्याच्यासंगं," असें म्हणून त्यांनीं तो हात घट्ट धरून ठेवला. कोणी घासलेटचा डबा घेऊन धांवत आला; त्यास ते जन्मांत ओरडले नसतील एवढ्यानें ओरडले. वीस मिनिटें तो हात पाण्यांत होता. आम्ही शेजारीं उभे होतों. आमच्या विनोदाचें पाणी त्या मुलाचा हात वांचवीत होतें, आणि ज्या पाण्याची आम्हीं पर्वा केली नाहीं तें टांकीच्या अंगावरून अजून फेंसाळत होतें.

डॉक्टरांनींहि डांबर उपटलें नाहीं. मनगटाभोंवतीं त्याचें कडें झालें होतें. थंड होतांना तें आवळतें आणि रक्त अडवतें, म्हणून तेवढें त्यांनीं उभें चिरून सैल केलें. बाकीचें कित्येक दिवसांनीं आपोआप सुटलें. हात राहिला, मात्र दोन बोटें कायमचीं ताठ झालीं.

आतांपर्यंत सांगितलें तो आमचा अविचार. पुढें सांगावयाचें आहे तें त्याहून जड आहे. त्याच दिवशीं संध्याकाळीं आम्हीं अपघाताचा अहवाल लिहिला. त्यांत 'कारण' म्हणून एक रकाना असे. तेथें आम्हीं लिहिलें: 'कामगारानें सूचनेविरुद्ध शिडीवर चढून झांकण उघडलें. निष्काळजीपणा.' हें लिहितांना आमचा हात कांपला असेल, असें वाचकांस वाटेल. तो मुळींच कांपला नाहीं. आधींच्या साऱ्या अहवालांत त्या रकान्यांत 'निष्काळजीपणा' हाच शब्द होता. लेखणी त्या चाकोरींतून आपोआप गेली. त्या वाक्याचा अर्थ मात्र चाकोरीचा नव्हता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यांत असें होतें कीं, सुरक्षिततेसाठीं दिलेला स्पष्ट हुकूम कामगारानें जाणूनबुजून मोडला व त्यामुळें त्यास इजा झाली, तर, मृत्यु ओढवला नसल्यास, मालक भरपाई देण्यास बांधलेला नव्हता. आमच्या 'सूचनेविरुद्ध' या एका शब्दानें त्या मुलाचा हक्क बुडत होता.

अहवाल टपालांत पडण्यापूर्वीं मिस्त्री दारांत येऊन उभे राहिले. अहवाल त्यांस वाचतां येत नव्हता, कारण तो इंग्रजींत होता. त्यांनीं एवढेंच विचारलें, "साहेब, पोराला वर कोणी पाठवलं, तें कागदावर आलं ना?"

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. ते कांहीं वेळ उभे राहिले आणि गेले. रात्रीं आम्हीं तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. त्यांत पाणी, चकती, मिस्त्रींचा सल्ला, आमचा हुकूम आणि मुलास वर पाठविणारा आमचा शब्द, हें सर्व क्रमानें आलें. सत्य लिहिण्याचें धैर्य आमच्या अंगीं होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. दारांत तो प्रश्न विचारला गेला नसता, तर पहिलाच कागद गेला असता. आमची वेतनवाढ अडली, पुढच्या वर्षीं बदली झाली, आणि मुलास भरपाई मिळाली. त्या पैशांत त्यानें पुढें मोटारींच्या चाकांच्या दुरुस्तीचें लहानसें दुकान काढलें.

तेव्हांपासून आम्ही जेथें जेथें गेलों तेथें एक वही ठेवली. पावसाळ्यानंतर टांकी पहिल्यांदां तापवावयाची, मिक्सर उघडावयाचा, बर्नरची कळ बदलावयाची, असें कोणतेंहि काम असो, तें लवकर उरकण्याचा हुकूम देणारानें तो हुकूम त्या वहींत लिहावा व खालीं सही करावी. तोंडी घाई चालणार नाहीं. आमचा अनुभव असा कीं, त्या वहींत सह्या फारच थोड्या पडल्या. कारण लेखणी हातांत घेतली कीं घाई करण्याची निकड बहुधा नाहींशी होते. दुसरा नियम असा कीं, टांकीवरचा सर्वांत लहान मनुष्यहि काम थांबवूं शकेल, आणि त्यास कारण विचारावयाचें तें काम थांबल्यानंतर. अपघाताच्या कागदावर नांव येतें तें शेवटच्या हाताचें; तो हात जेथून ढकलला जातो तेथलें नांव क्वचितच येतें. यंत्रावर जाळ्या बसवाव्या, कुलुपें लावावीं, पिंपें भरावीं, हें सारें खरें; परंतु ज्याच्या हातीं घाई करण्याचा अधिकार आहे त्यानें प्रथम थांबावयास शिकावें, यावांचून या साऱ्यांचा उपयोग अर्धाच आहे.

हें सर्व आम्हीं भाच्यास दुसऱ्या दिवशीं फोनवर सांगितलें. तो पुष्कळ वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "मामा, खंडेनवमीला याल?"

आम्ही गेलों. प्लँट धुऊन पुसून स्वच्छ केला होता. ड्रमला झेंडूची माळ, मिक्सरच्या झांकणावर कुंकवाचीं पांच बोटें, कंट्रोलच्या खोलींतील पडद्यालाहि हळद लावलेली. वर्षांतून हा एकच दिवस असा कीं, यंत्र थंड असतें, कोणास घाई नसते, आणि प्रत्येक जण आपापल्या हातानें प्रत्येक खिळ्यावरून फडकें फिरवितो. फडकें फिरवितांनाच सैल झालेला बोल्ट सांपडतो. ही पूजा ज्यांनीं घालून दिली त्यांस देखभालीचें मर्म ठाऊक असलें पाहिजे, असें मनांत आलें.

नारळ फुटल्यावर तेथले मिस्त्री भाच्याकडे आले. साठीच्या घरांतले गृहस्थ. भाच्याच्या वडिलांपेक्षांहि मोठे. "साहेब, दोन नंबरच्या टांकीला पावसाचं पाणी लागलंय. परवां काम सुरू करायचं म्हणतात, पण दोन दिवस तरी द्यावे लागतील." तेवढ्यांत भाच्याच्या खिशांतला फोन वाजूं लागला. त्यानें पडद्यावरचें नांव पाहिलें, मग मिस्त्रींकडे पाहिलें, आणि मग आमच्याकडे. आम्हीं मुद्दाम समोरच्या डोंगराकडे पाहिलें.

"दोन दिवस घ्या, काका," तो मिस्त्रींना म्हणाला. "तीन लागले तर तीन." मग त्यानें फोन उचलला, आणि बोलत बोलत तो खडीच्या ढिगांपलीकडे गेला. पलीकडून चढलेले आवाज येत होते. परत आला तेव्हां त्याचें तोंड लाल झालें होतें. परंतु टांकी थंडच होती.

दुसऱ्या दिवशीं दसरा. दरवर्षीं या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं एक गृहस्थ आमच्या घरीं सोनें द्यावयास येतो. आतां त्याचे केस पांढरे होऊं लागले आहेत. तो आपट्याचें पान उजव्या हातानेंच देतो. त्याचीं दोन बोटें मिटत नाहींत, म्हणून पान जरा तिरकें येतें. आम्ही तें दोन्ही हातांनीं घेतों. यंदा आम्हीं त्यास भाच्याची हकीकत सांगितली. त्यानें ती लक्षपूर्वक ऐकली, चहाचा पेला खालीं ठेवला आणि विचारलें, "आणि शिडीपाशीं पिंप आहे का भरलेलं?"

तें आम्हीं पाहिलें होतें. शिडीपाशीं आतां पिंप नाहीं. कळ दाबतांच पाणी धो धो पडेल असा नळ बसविला आहे. तसें आम्हीं त्यास सांगितलें. "तरी एकदां दाबून बघायला सांगा," तो म्हणाला.

आम्हीं त्याच संध्याकाळीं भाच्यास फोन केला.